विषय सुटतो, बसलेला हात राहतो: पीएचडी संशोधकाला कशी घडवते

१९६७ चा ऑगस्ट. केंब्रिजजवळच्या एका शेतात उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीतून रोज तीसेक मीटर कागदाची पट्टी बाहेर पडत होती. पट्टीवर पेनने उमटत जाणारी वेडीवाकडी रेघ. ती वाचायचं काम जोसेलिन बेल या चोवीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थिनीकडे होतं. दूरच्या क्वेसारमुळे, म्हणजे फार लांबच्या आकाशगंगेच्या तेजस्वी गाभ्यामुळे, रेघ थरथरली आहे, की जमिनीवरच्या कुठल्या यंत्राचा गोंधळ त्यात शिरला आहे, हे ती नुसत्या नजरेने वेगळं काढायची. सगळं आकाश एकदा पाहून व्हायला चार दिवस लागत, म्हणजे सव्वाशे मीटरच्या आसपास कागद. त्यात एका जागी, बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या जागेत, तिला एक खूण दिसली. ती क्वेसारची नव्हती आणि गोंधळाचीही नव्हती. अशी खूण आपण आधीही पाहिली आहे आणि तीही आकाशाच्या याच भागात, हे तिला आठवलं.

तिला ते का दिसलं? दुर्बीण बांधण्यात तिची दोन वर्षं गेली होती. साडेचार एकर जागा, हजारावर खांब, दोन हजारांवर अँटेना. खांब ठोकायला तिने स्वतः घण चालवला होता आणि तारा-जोडण्यांची जबाबदारी तिच्याकडेच होती. कुठलं हेलकावणं यंत्राचं आणि कुठलं आकाशाचं, हे तिच्या हाताला आणि डोळ्याला ठाऊक झालं होतं. आपण इथे शिकायच्या लायकीचे नाही, कधीतरी बाहेर काढतील, अशी भीती मनात होती, म्हणून प्रत्येक काम काटेकोर करायचं ठरवलं होतं, असं तिने पुढे अनेकदा सांगितलं आहे. २८ नोव्हेंबरला तिने कागद भरभर पळवून त्याच जागेची नोंद घेतली, तेव्हा सुमारे १.३ सेकंदांच्या अंतराने ठोके पडताना दिसले. पल्सार सापडला होता: स्वतःभोवती गरगर फिरणारा, विझलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा.

ही गोष्ट बहुतेक वेळा नोबेलसाठी सांगितली जाते. १९७४ चं पारितोषिक तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना मार्टिन राइल यांच्यासोबत मिळालं, तिचं नाव त्यात नव्हतं. मला ती वेगळ्या कारणासाठी सांगायची आहे. बेलच्या प्रबंधात पल्सार मुख्य विषय म्हणून नाहीत. प्रबंधाचा विषय आधीच ठरलेला होता, त्यामुळे विसाव्या शतकातला खगोलशास्त्राचा एक मोठा शोध शेवटी परिशिष्टात गेला. पदवीनंतर तिने साउदॅम्प्टनमध्ये गॅमा किरणांवर काम केलं, मग लंडन विद्यापीठाच्या अवकाश प्रयोगशाळेत क्ष-किरणांवर, मग एडिंबरात अवरक्त किरणांवर. नवऱ्याच्या बदल्यांमागे गावं बदलली तसे विषय बदलले. शिकलेल्या रेडिओ दुर्बिणीचं तंत्रही बाजूला पडलं. हाताखालून जाणारी नोंद कधी खरी मानायची आणि कधी नाही, ही पारख मात्र प्रत्येक ठिकाणी तीच लागत होती.

पीएचडी म्हणजे काय, हे समजायचं तर इथूनच सुरुवात करावी. बाहेरून दिसतो तो जाडजूड प्रबंध आणि नावाआधीचा ‘डॉ.’. आत जे घडतं ते एका माणसाचं घडणं असतं, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच घडणीवर चालतात. विषय निवडताना लोक जेवढा घोर लावून घेतात, त्याच्या अर्धा तरी त्यांनी आपला हात कुठे आणि कोणाजवळ बसणार आहे याचा लावावा, असं माझं ठाम मत आहे.

ही पदवी आली कुठून?

‘डॉक्टर’ हा शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ शिकवणारा. मध्ययुगीन युरोपात ही पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना होती. संशोधनाची पदवी हा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांनी दिला. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या कल्पनेतून १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ सुरू झालं, आणि शिकवणारा स्वतः संशोधन करणारा असावा हा विचार तिथे रुजला. गिसेनमध्ये युस्टुस लीबिग यांनी १८२० च्या दशकात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. तिथे विद्यार्थी शेजारी-शेजारी उभे राहून प्रयोग करत आणि तयार झालेल्यांना स्वतःचा प्रश्न सोडवायला मिळे. आजच्या लॅब ग्रुपची ही आजी म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत पहिल्या पीएचडी येल विद्यापीठाने १८६१ मध्ये दिल्या. ब्रिटनमध्ये ती पोचायला १९१७ उजाडलं, ऑक्सफर्डपासून.

पीएचडीआधीच्या शिक्षणात आणि पीएचडीत एकच फरक आहे, पण तो फार मोठा आहे. परीक्षेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर परीक्षकाकडे असतं. पीएचडीच्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नसतं, गाइडकडेही नाही. वर्गात कायम पहिली आलेली मुलं इथे पहिल्याच वर्षी गांगरतात ती याचमुळे.

प्रश्न बारीक करणं

समजा एखादीला झोप आणि स्मरणशक्ती यांच्यावर काम करायचं आहे. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ती वाचायला बसते आणि महिन्याभरात कळतं की यावर हजारो पेपर आधीच निघाले आहेत. मग ती म्हणते, दुपारच्या झोपेपुरतं बघू. गाइड विचारतात, स्मरणशक्ती म्हणजे कसली? चेहरे आठवणं, रस्ता आठवणं, की सायकल चालवणं? ती म्हणते, नवीन शिकलेले शब्द. किती वेळ झोपवणार? अर्धा तास. न झोपणारा गट त्या अर्ध्या तासात काय करेल? नुसते पडून राहिले तर विश्रांतीमुळे फरक पडला की झोपेमुळे, हे कसं ठरवणार? सहा महिन्यांनी तिच्याकडे एक वाक्य असतं: नवीन शब्द शिकल्यावर अर्धा तास झोपलेल्यांना दुसऱ्या दिवशी, नुसतं पडून राहिलेल्यांपेक्षा, जास्त शब्द आठवतात का, आणि हा फरक तरुणांत नि साठी ओलांडलेल्यांत सारखाच असतो का?

घरच्यांना वाटतं, सहा महिन्यांत एवढंच? मात्र हे वाक्य मिळवणं हेच काम होतं. प्रश्न फार मोठा धरला तर चार वर्षांत हाती काही लागत नाही, फार छोटा धरला तर उत्तर मिळूनही कोणाला त्याचं काही वाटत नाही. मधली ती चिंचोळी जागा शोधायची नजर पुस्तकातून येत नाही, दहा वेळा चुकूनच येते. पुढे हीच व्यक्ती प्राध्यापक झाली की ग्रँटसाठी प्रस्ताव लिहिते, विद्यार्थ्यांना विषय देते, दुसऱ्यांचे प्रस्ताव तपासते. त्या प्रत्येक वेळी हीच नजर कामाला येते.

चूक दाखवून घ्यायला शिकणं

आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये झुरिक विद्यापीठाला जो प्रबंध दिला, त्यात सापेक्षता नव्हती. साखर विरघळल्यावर पाणी किती दाट होतं, यावरून रेणूचा आकार आणि अ‍ॅव्होगाड्रो संख्या (एक मोल, म्हणजे पदार्थाच्या ठरावीक मापात, किती कण असतात तो आकडा) कशी काढता येईल, हे त्यात होतं. प्रबंध मंजूर झाला. काही वर्षांनी पॅरिसमध्ये झाँ पेराँ यांच्या प्रयोगशाळेत ते सूत्र प्रयोगाने तपासलं, तर मोजमाप जुळेना. आइन्स्टाइन यांनी आपलं गणित लुडविग होप्फ या सहकाऱ्याला पुन्हा बघायला सांगितलं, आणि होप्फ यांना त्यात खरोखरच चूक सापडली. १९११ मध्ये दुरुस्ती छापली गेली. दहाचा तेविसावा घात धरून बोलायचं तर प्रबंधात २.१ निघालेली संख्या, अधिक चांगली मोजमापं आणि दुरुस्त सूत्र मिळून, ६.५६ वर आली. आज आपण ६.०२ मानतो.

प्रबंधात चूक असूनही तो प्रबंध वाया गेला नाही. पद्धत इतकी उघड मांडलेली होती की परक्या शहरातल्या माणसाला ती तपासता आली आणि चुकीच्या जागेवर बोट ठेवता आलं. संशोधन असं चालतं. पीएचडीच्या काळात माणूस सगळ्यात आधी हे शिकतो, आणि शिकताना त्याला लागतंही फार.

पहिला पेपर जर्नलला पाठवल्यावर काही महिन्यांनी रिव्ह्यू येतात. दोन-तीन अनोळखी लोकांनी लिहिलेल्या, नाव नसलेल्या चार-पाच पानी शेऱ्यांत ‘या निष्कर्षाला आधार नाही’, ‘दुसऱ्या गटाची निवड कशी केली ते कळत नाही’, ‘अमुक काम लेखकांनी वाचलेलं दिसत नाही’ असं सगळं असतं. तीन वर्षांची मेहनत चार ओळींत उडवल्यासारखं वाटतं. चांगला गाइड अशा वेळी म्हणतो, आठवडाभर हे बंद करून ठेव. मग दोघं बसतात. कागदाच्या डाव्या बाजूला रिव्ह्यूअरचा एकेक शेरा, उजव्या बाजूला आपण त्याचं काय केलं. काही ठिकाणी ‘बरोबर आहे, विश्लेषण पुन्हा केलं, आकडा बदलला’. काही ठिकाणी ‘हे आम्हाला मान्य नाही, कारण असं’. हे दोन रकाने नीट भरता येणं म्हणजे अर्धी पीएचडी झाली. स्वतःच्या कामाकडे परक्याच्या डोळ्यांनी बघायची सवय त्यातून लागते, आणि ज्याला ती लागली नाही तो पुढे कितीही हुशार असला तरी एकटा पडत जातो.

शेवटची मौखिक परीक्षा, म्हणजे व्हायवा, तीही याचसाठी असते. परीक्षकांना प्रबंधात काय आहे हे कळलेलंच असतं. हे काम याच माणसाने केलं आहे का, त्याच्या मर्यादा त्याला ठाऊक आहेत का, हे त्यांना बघायचं असतं. ‘हे मला माहीत नाही, पण शोधायचं तर असं शोधेन’ हे तिथलं पूर्ण उत्तर असू शकतं.

गाइड

१९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी रॅडक्लिफ कॉलेजला ताऱ्यांच्या वातावरणावरचा प्रबंध दिला. मेघनाद साहा यांचं आयनीभवनाचं समीकरण (तापलेल्या वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे सांगणारं) वापरून त्यांनी ताऱ्यांचे वर्णपट वाचले, आणि उत्तर असं आलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. तेव्हाचा समज असा की तारे आणि पृथ्वी साधारण एकाच मिश्रणाचे. प्रबंध वाचणाऱ्यांत हेन्री नॉरिस रसेल होते, त्या काळातले फार वजनदार खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी हा निष्कर्ष अशक्य ठरवला. पेन यांनी आपल्याच निकालाबद्दल लिहिलं की तो जवळजवळ नक्कीच खरा नसावा. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला आले आणि पेन यांच्या कामाचा त्यांनी उल्लेखही केला, पण बराच काळ श्रेय रसेल यांच्याच नावे राहिलं. पेन यांना हार्वर्डमध्ये प्रोफेसरपद मिळालं ते १९५६ मध्ये.

त्याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट. इरावती कर्वे यांना मराठी वाचक लेखिका म्हणून जास्त ओळखतो. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचं म्हणणं असं की कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर ठरतो आणि त्यातून गोऱ्या युरोपीयांची बौद्धिक सरशी दिसते. कर्वे यांनी कवट्या मोजल्या. वंशाशी संबंध दिसला नाही. त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं. गाइडच्या लाडक्या सिद्धान्ताविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत. मोजमापाचं तंत्र त्यांनी तिथून आणलं आणि पुढे आयुष्यभर वापरलं, सिद्धान्त तिथेच सोडला.

या दोन्ही गोष्टींतून एक उघड होतं: पीएचडीच्या काळात विद्यार्थी आणि वरिष्ठ यांच्यातलं बळ अजिबात समान नसतं. गाइडच्या हातात प्रश्न असतो, उपकरणं नि पैसा असतो, पेपरवर कोणाचं नाव पहिलं लागणार हे असतं, आणि नंतर कित्येक वर्षं लागणारी शिफारसपत्रं असतात. चांगल्या गाइडकडून विद्यार्थी न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी उचलतो: नोंदवही कशी लिहायची, न जुळणारा आकडा लपवायचा नाही, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय कसं द्यायचं. वाईट गाइडकडूनही माणूस उचलतोच, आणि पुढे तोच गाइड झाला की ते सगळं त्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत झिरपतं. म्हणून या व्यवस्थेत एका माणसाचं वागणं दोन-तीन पिढ्यांना पुरतं.

एकाच गाइडचे विद्यार्थी, आपल्याकडच्या जुन्या शब्दात गुरुबंधू आणि गुरुभगिनी, हेही संशोधकाचं मोठं भांडवल. आज शेजारच्या टेबलावर बसून डोकं धरणारी ही माणसं दहा वर्षांनी वेगवेगळ्या देशांत असतात. एकत्र पेपर लिहिणं, जागा निघाल्याचं कळवणं, मसुदा छापायच्या आधी प्रेमाने झोडपणं, हे त्यांच्याशीच चालतं.

शाखेप्रमाणे यात फरक पडतो. विज्ञानात बहुतेक वेळा ग्रुप असतो, प्रबंध म्हणजे तीन-चार पेपरांची एकत्र बांधणी असते. इतिहास किंवा साहित्यात माणूस दफ्तरखान्यात एकटा बसतो, आणि प्रबंधावरून पुढे लिहिलेलं पुस्तक हीच त्याची पहिली मोठी ओळख ठरते.

दार अरुंद आहे

आता एक गोष्ट, जी प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगायला हवी आणि सहसा सांगितली जात नाही. पीएचडीशिवाय विद्यापीठातली संशोधनाची नोकरी मिळणं आज जवळपास अशक्य आहे, पण पीएचडी केलेल्यांपैकी थोड्याच लोकांना ती मिळते. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१० मध्ये विज्ञानातल्या पीएचडीधारकांचा मार्ग मांडला होता: कायम संशोधकपदापर्यंत सुमारे ३.५ टक्के, प्रोफेसरपदापर्यंत अर्धा टक्काही नाही. मधला टप्पा पोस्टडॉकचा. दोन-तीन वर्षांची करारावरची नोकरी, ती संपली की दुसरी, बऱ्याचदा दुसऱ्या देशात.

पदवी कुठून घेतली याचंही वजन पडतं, आणि ते गुणवत्तेपुरतं मर्यादित नाही. अमेरिकी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तिथेच शिकलेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के लोकांच्या पीएचडी जेमतेम २० टक्के विद्यापीठांतून आलेल्या होत्या. उरलेल्या ठिकाणी चांगलं काम होत नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. निवड समितीला ओळखीचं नाव दिसलं की अर्ज जास्त वेळ वाचला जातो, एवढा साधा माणसांचा स्वभाव यामागे असू शकतो, आणि त्याची किंमत चांगल्या माणसांना मोजावी लागते.

या सगळ्याचा ताण मनावर येतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या साडेतीन हजारांवर पीएचडी विद्यार्थ्यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात साधारण दर तिघांतला एक जण मानसिक आजाराच्या उंबरठ्यावर आढळला. कामाचा बोजा, घर आणि काम यांची ओढाताण, गाइडची वागणूक यांचा त्याच्याशी संबंध दिसला. ‘तूच कच्चा आहेस’ असं सांगून हा प्रश्न मिटवणाऱ्यांनी हे वाचावं. जोसेलिन बेल बर्नेल यांना २०१८ मध्ये ३० लाख डॉलरचं विशेष ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, तेव्हा त्यांनी सगळी रक्कम पीएचडीच्या शिष्यवृत्त्यांना दिली, ज्यांना भौतिकशास्त्रात सहसा जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी.

विषय सुटतो असं वर म्हटलं, पण तो न सोडणारेही असतात. कातालिन कारिको यांनी हंगेरीत सेगेडला १९८२ मध्ये आरएनएवर पीएचडी केली आणि आरएनएच धरून राहिल्या. ग्रँट मिळेना, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १९९५ मध्ये त्यांना खालच्या पदावर ढकललं, तरी. त्या कामावर करोनाच्या लसी उभ्या राहिल्या आणि २०२३ चं नोबेल त्यांना ड्रू वाइसमन यांच्यासोबत मिळालं. ही जिद्द थोर आहे, पण तेवढ्यावरून कोणाला ‘चिकटून राहा’ असा सल्ला देऊ नये. तशाच चिकटून राहिलेल्या आणि ज्यांचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही अशांची नावं आपल्यापर्यंत पोचतच नाहीत.

जे विद्यापीठाबाहेर जातात, त्यांना आपण हरलो असं वाटू देऊ नये. औषधकंपनी, हवामान खातं, वृत्तपत्र, सरकारी धोरण, संग्रहालय: कुठेही अर्धवट माहितीवरून निर्णय घ्यायची वेळ येते, तिथे प्रश्न बारीक करणारी आणि स्वतःचा आकडा दोनदा तपासणारी माणसं लागतात.

कोणी पीएचडीला बसायचा विचार करत असेल, तर विषयावर बोलण्याआधी त्या गाइडच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठावं. मागच्या चार जणांना पदवीला किती वर्षं लागली? ते आज कुठे आहेत? पेपरवर विद्यार्थ्याचं नाव पहिलं लागतं का? गाइडच्या मताविरुद्ध निकाल आला तेव्हा काय झालं? शेवटच्या प्रश्नावर समोरचा जरा थांबला, इकडेतिकडे बघायला लागला, तर ते थांबणंही लिहून ठेवावं. आणि मध्येच सोडून गेलेलं कोणी असेल, तर त्याचा फोन नंबर मागावा आणि त्यालाही हेच चार प्रश्न विचारावेत.